आगाशीच्या वाडींतील गाडी

विरार स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून आगाशीच्या रस्त्याला लागलें, म्हणजे पहिला मैल दीड मैल आपण मुंबई सोडून आलों आहों असें वाटतच नाहीं. तेच उंच इमले, तींच दुकानें, तीच रिक्षांची दाटी. बोळींज मागें पडलें कीं मात्र रस्ता अंग चोरूं लागतो. दोहों बाजूंस केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, फुलझाडांचे वाफे आणि त्यांतून डोकावणारीं कौलारू घरें दिसूं लागतात. आणि ओल्या मातीच्या वासांत कोठेंतरी वाळत पडलेल्या मासळीचा वास मिसळतो. हा दुसरा वास पुढें दोनएक मैलांवर असलेल्या अर्नाळ्याचा. ज्यांस तो सोसत नाहीं त्यांनीं नाकाला रुमाल लावावा. आम्हांस दहा महिन्यांत त्याची इतकी संवय झाली, कीं हल्लीं तो आला नाहीं तर वाट चुकली कीं काय, असें वाटतें.

आगाशी आज वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दींत मोडते व २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत गणली जाते. पण पांचशें वर्षांपूर्वीं हें एक नांवाजलेलें बंदर होतें. येथें इमारती लांकडाचा व्यापार चाले, आणि गलबतें बांधण्यांत येथील कारागिरांचा हात धरणारा क्वचित् सांपडे. १५३० आणि १५३१ अशीं लागोपाठ दोन वर्षें पोर्तुगीजांनीं हें गांव लुटलें, यावरूनच त्याची तेव्हांची संपत्ति ध्यानांत यावी. येथें बांधलेलीं जहाजें युरोपपर्यंत फेऱ्या करून आल्याचा उल्लेख जुन्या गॅझेटियरांत आढळतो. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली आणि हा मुलूख मराठ्यांकडे आला. आतां ती गोदी नाहीं, तीं गलबतेंहि नाहींत. भवानीशंकराचें देवालय व मुनिसुव्रतस्वामींचें जैन मंदिर यांमुळें यात्रेकरूंची ये-जा मात्र चालू असते, आणि हिवाळ्यांत राजेळी केळीं सोलून, उन्हांत वाळवून केलेलीं सुकेळीं नेण्यासाठीं चार माणसें वाट वांकडी करून येतात.

२०२३ च्या फेब्रुवारी महिन्यांत एका रविवारीं आम्ही पार्ल्याहून निघून अंधेरीस गाडी बदलली, भाईंदरची खाडी ओलांडली आणि आगाशीस पोंचलों, तें देवदर्शनासाठीं नव्हे आणि सुकेळ्यांसाठींहि नव्हे. आम्ही गेलों होतों एक जुनी मोटारगाडी पाहावयास. बरोबर आमच्या सौभाग्यवती होत्या, आणि मोटारींतलें कळतें म्हणून आमचे मेहुणे होते.

गाडीचें नांव कॉन्टेसा. ज्यांनीं १९८५ नंतरचीं दहापंधरा वर्षें डोळे उघडे ठेवून पाहिलीं आहेत, त्यांस ती आठवत असेल. फियाट, ॲम्बॅसॅडर आणि नव्यानें आलेली मारुति यांच्या गर्दींत ही लांबसडक, बसक्या अंगाची, पुढच्या जाळींत दोन दोन गोल दिवे मिरवणारी गाडी दिसली, कीं रस्त्यांतलीं मुलें खेळ टाकून उभीं राहत. तिचें कूळ विलायती. इंग्लंडांतील व्हॉक्सहॉल कंपनीच्या ‘व्हिक्टर’ घराण्यांतील शेवटची गाडी १९७८ सालीं बंद पडली. तिचे सांचे कलकत्त्याजवळ उत्तरपारा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यांत आले आणि १९८४ पासून तेथें कॉन्टेसा तयार होऊं लागली. २००२ सालीं तीहि थांबली.

हल्लींचे शौकीन तिला ‘भारताची मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायु. अमेरिकेंत १९६४ सालीं पॉन्टिॲक कंपनीनें आपल्या ‘टेम्पेस्ट’ नांवाच्या मध्यम गाडींत मोठ्या गाडीचें, सहा लिटरांहून अधिक मापाचें, आठ सिलिंडरांचें इंजिन घातलें आणि तिला ‘जी. टी. ओ.’ हें नांव दिलें. या जातीच्या गाड्यांची परंपरा बहुतेक लोक तेथून मोजतात. म्हणजे मसल कार ही जन्मतःच इंजिन बदललेली गाडी. आमच्याकडे प्रकार उलटा झाला. अंग पहिलवानाचें, आणि पोटांत ॲम्बॅसॅडरचेंच १४८९ घनसेंटिमीटरचें, पन्नासेक अश्वशक्तीचें इंजिन! घाट आला कीं पहिलवानास धाप लागे. पुढें कारखान्यानें जपानी इसुझु कंपनीचें १८१७ घनसेंटिमीटरचें, अठ्ठ्याऐंशी अश्वशक्तीचें इंजिन आणि त्याच्या जोडीला पांच गतींची गिअरपेटी बसविली, तेव्हां कोठें रूपाला बळाची जोड मिळाली. ती ‘कॉन्टेसा क्लासिक’. आम्ही पाहावयास निघालों होतों ती गाडी या दुसऱ्या जातीची, १९९० सालची.

हौसेला मोल नाहीं असें म्हणतात. आमच्या हौसेला तें होतें, आणि तें बरोबर दोन लाख रुपये होतें. स्वयंपाकघराचा ओटा नवा करावा म्हणून सौभाग्यवतींनीं ते बाजूस ठेवले होते. “ओटा अजून दोन वर्षें काढील,” त्या म्हणाल्या, “पण दोन लाखांवर एक रुपया गेला, तर गाडींतच चूल मांडावी लागेल, एवढें ध्यानांत ठेवा.” आम्हीं तें ध्यानांत ठेवलें.

वाडीचे मालक अण्णा आमच्या वडिलांचे स्नेही. वय शहाऐंशी, पण सुपारी अजून स्वतःच्या दांतांनीं फोडीत. विहिरीजवळच्या पत्र्याच्या छपराखालीं, झावळ्यांच्या ढिगाआड गाडी उभी होती. आठ वर्षें ती जागची हलली नव्हती. खारी हवा ही लोखंडाची वैरीण. दारांच्या खालच्या कडा हातानें दाबतांच भुगा होऊन पडल्या. मेहुणे गाडीखालीं शिरले आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनें तळाचा पत्रा ठोकून ठोकून पाहूं लागले. ठण् ठण् असा आवाज आला तर पत्रा जिवंत, भद् असा आला तर मेला, असें त्यांचें शास्त्र. अर्ध्या घटकेनें ते बाहेर आले आणि त्यांनीं मान डोलाविली. जुनी गाडी घेणारानें पहिल्यानें हेंच पाहावें. कांचा, गाद्या, रंग यांना पैसे टाकून नवें रूप देतां येतें. तळ सडला असेल, तर ते पैसे मातींत जातात.

मग बॉनेट उघडलें, आणि आम्ही तिघेंहि एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. आंत इसुझूचें इंजिन नव्हतेंच. मॅटॅडोर टेम्पोंत असतें तें भलें थोरलें डिझेल इंजिन तेथें ठाण मांडून बसलें होतें. नाकापेक्षां मोती जड! त्याच्या भारानें गाडीचें नाक खालीं गेलें होतें.

अण्णांनीं यांत कांहीं लपविलें नव्हतें. त्यांना त्यांत सांगण्यासारखें कांहीं वाटलेंच नव्हतें. १९९८ सालीं त्यांनीं तें बसवून घेतलें. त्या काळीं डिझेलचा भाव पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास असे, आणि भाजी-फुलांच्या व्यापारासाठीं अण्णांना आठवड्यांतून चारदां दादरला जावें लागे. तेव्हां असें करणारे ते एकटेच नव्हते. कित्येक मोठ्या पेट्रोल गाड्यांच्या पोटांत लोकांनीं टेम्पोचीं व ट्रॅक्टरचीं इंजिनें घातलीं. पेट्रोलचा भाव २०१० सालीं आणि डिझेलचा २०१४ सालीं सरकारी नियंत्रणांतून सुटला, दोहोंमधलें अंतर पुष्कळ मिटलें, आणि या खटाटोपाचें प्रयोजनच उरलें नाहीं.

अडचण निराळीच होती. नोंदणीपुस्तकांत ‘पेट्रोल’ असें लिहिलेलें व जुन्या इंजिनाचा क्रमांक; गाडींत डिझेल आणि क्रमांक दुसराच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीनेंच व्हावा लागतो. तशी संमति घेतलेली नव्हती. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि, कारखानदारानें मुळांत नमूद केलेल्या स्वरूपाशीं विसंगत असा फेरफार गाडींत चालणार नाहीं, असा निर्णय दिला आहे. अशा गाडीचें नूतनीकरण व्हावयाचें नाहीं आणि ती आमच्या नांवावरहि चढावयाची नाहीं. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं २०२१ मध्यें केंद्र सरकारनें निराळे नियम केले आहेत. पण त्यांची वाट पाहावयाची, तर अगदीं पहिल्या कॉन्टेसाचीहि पन्नाशी २०३४ सालीं भरणार. तेव्हां मार्ग एकच उरला: मूळ जातीचें इंजिन पुन्हां बसविणें.

अण्णांनीं किंमत नव्वद हजार सांगितली. वीस हजार आधीं, बाकीचे गाडी चालूं लागल्यावर. “बंद गाडी विकली हें माझ्या नांवावर नको,” ते म्हणाले. कागद झाला नाहीं. सुकेळीं आणि चहा झाला. त्या वेळीं आम्हांस हा व्यवहार फार सुखाचा वाटला.

इंजिन शोधण्यास आम्ही कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत गेलों. तेथें एका दुकानदारानें पस्तीस हजारांत इसुझूचें इंजिन दाखविलें, तेलानें पुसून लखलखीत केलेलें. आम्हीं उतावळेपणानें पांच हजार विसार देऊन टाकला. मग दुसऱ्या दिवशीं आगाशीच्या मिस्त्र्यांना घेऊन गेलों. त्यांनीं इंजिन चालूं करून पाहिलें नाहीं, कीं तेल पाहिलें नाहीं. क्रमांकाच्या जागीं नुसतें बोट फिरविलें. “कानस मारली आहे,” ते हळूच म्हणाले. आंकडे घांसून काढलेले होते. तें इंजिन कोणाच्या गाडींतून आलें होतें देव जाणे. आमच्या गाडींत मात्र तें आलें नाहीं. विसार गेला तो गेलाच.

हात हालवीत परत येऊन आम्हीं ही हकीकत अण्णांना सांगितली. ते शांतपणें अडकित्ता चालवीत होते. म्हणाले, “मग मूळचेंच कां नाहीं बसवीत?”

“मूळचें? तें आहे कोठें?”

“जाईल कोठें? गोठ्यांत आहे.”

“अहो अण्णा, मग हें आधीं कां नाहीं सांगितलेंत?”

“तुम्हीं विचारलेंत कोठें?”

काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात, तो वळसा आम्हांस पांच हजारांस पडला. गोठ्यांत गुरें राहिलीं नव्हतीं. जुनीं पाटें, केळीच्या सोपटांच्या जुड्या आणि मोडका पाळणा यांच्याखालीं, गोणपाटांत गुंडाळलेलें इंजिन पंचवीस वर्षें निजलेलें होतें. मिस्त्र्यांनीं तेलाच्या बोळ्यानें क्रमांकाची जागा पुसली. सौभाग्यवतींनीं नोंदणीपुस्तक हातांत धरून एकेक आंकडा मोठ्यानें वाचला आणि मिस्त्री प्रत्येक आंकड्याला “आहे” म्हणत गेले. शेवटच्या “आहे”बरोबर आमचा जीव भांड्यांत पडला.

या मिस्त्र्यांविषयीं थोडें लिहिलें पाहिजे. मोटारी दुरुस्त करणें हा त्यांचा जोडधंदा; खरा धंदा अर्नाळ्याच्या मच्छीमारांच्या होड्यांना इंजिनें बसविण्याचा. शिडावर चालणाऱ्या होड्यांना इंजिनें लागूं लागलीं, तेव्हां त्यांच्या वडिलांनीं तें काम हातीं धरलें; मुलानें तें पुढें चालविलें. त्यांच्याशीं बोलतांना आमच्या ध्यानांत आलें, कीं होडींत इंजिन बसविणारा मनुष्य गाडीकडेहि निराळ्या नजरेनें पाहतो. इंजिन किती बळाचें हें तो मागाहून विचारतो. त्याचें वजन कोठें पडणार, आणि त्याच्या दांड्याची रेघ मागच्या दांड्याशीं सरळ जुळणार कीं नाहीं, हें आधीं. होडींत ही रेघ बोटभर चुकली, तर समुद्रांत सांधा फुटतो आणि माणसें वाहून जातात. जुन्या गलबतवाल्यांशीं त्यांचें कांहीं नातें आहे कीं काय, हें त्यांनाहि ठाऊक नाहीं. आम्हीं मात्र तें मनांतल्या मनांत जोडून टाकलें.

गोठ्यांतलें इंजिन गंजून जखडलें होतें. मिस्त्र्यांनीं चारहि सिलिंडरांत डिझेल आणि तेल यांचें मिश्रण ओतलें आणि आठ दिवस त्यास हात लावला नाहीं. नवव्या दिवशीं लांब पहार लावून जोर केला, तेव्हां फिरता दांडा तांदळाच्या दाण्याइतका हालला. संध्याकाळपर्यंत एक पुरा वेढा झाला. उघडल्यावर तिसरा सिलिंडर ओरखडलेला निघाला. चौऱ्याऐंशी मिलिमीटरचा व्यास अर्ध्या मिलिमीटरनें वाढवून घ्यावा लागला, दांडा घांसून त्याला नव्या मापाचीं बेअरिंगें घातलीं, हेडची पाठ सपाट करविली. हें काम लेथवाल्याचें. नवे पिस्टन मिळतील कीं नाहीं ही धास्ती होती. पण याच जातीचें इंजिन पुढें ॲम्बॅसॅडरमध्येंहि येत असे आणि ॲम्बॅसॅडर २०१४ पर्यंत निघत होती, त्यामुळें तेहि जमलें. आपली गाडी दुर्मिळ असली तरी तिचें इंजिन दुर्मिळ नसावें, हा धडा कमी पैशांत जुनी गाडी घेऊं इच्छिणारांनीं घ्यावा. रबराच्या नळ्या मात्र सगळ्या नव्या घातल्या. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळतात, आणि तें जुन्या रबराला खातें.

डिझेल इंजिन बाहेर काढलें त्या दिवसाची गंमत सांगावयाची राहिली. केळीच्या बागेंत तीन बांबूंची तिवई उभी करून, सांखळीच्या कप्पीनें तें वर उचललें. तें सुटतांच गाडीचें नाक चांगलें दोनतीन बोटें वर आलें, जणूं पंचवीस वर्षांचें ओझें उतरल्यावर तिनें मान वर केली! अण्णांच्या संमतीनें तें इंजिन एका होडीवाल्याला अठ्ठावीस हजारांस दिलें. इंजिनाच्या व गिअरपेटीच्या मध्यें मागच्या कारागिरानें घातलेली जाड पोलादी तबकडी आमच्याकडे अजून आहे. सौभाग्यवती तिच्यावर कुकर उतरवून ठेवतात.

इतकें होईतों पाऊस लागला, आणि जुलईंत अण्णा आजारी पडले. त्यांना मुंबईस इस्पितळांत हालविलें. आतां आमच्या ध्यानांत आलें, कीं आम्हीं जवळजवळ लाख रुपये दुसऱ्याच्या गाडींत घातले आहेत, आणि आपल्या हातांत कागदाचा कपटाहि नाहीं. अण्णांच्या घरांत वाडी विकण्याची भाषा होऊं लागली होती. गाडी भंगारांत द्यावी, असेंहि कोणी म्हणालें. हस्तांतराचे २९ व ३० क्रमांकांचे अर्ज पिशवींत घालून आम्ही इस्पितळांत निघालों, तेव्हां सौभाग्यवतींनीं पिशवी उलटी करून ते अर्ज काढून घेतले. “माणूस अंथरुणावर असतां कागदाचें नांव काढावयाचें नाहीं,” त्या म्हणाल्या. ओट्याचे पैसे त्यांचेच होते; आम्हांस बोलण्यास जागा नव्हती. आम्ही संत्रीं घेऊन गेलों, आणि संत्रीं देऊन आलों. असे सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत आम्हांस झोंप कशी लागे, हें विचारूं नये.

गणपति गेल्यावर अण्णा काठी टेकीत वाडींत परतले. पहिल्याच रविवारीं त्यांनीं आम्हांस बोलावून विचारलें, “अर्ज कोठें आहेत? इस्पितळांत रोज वाट पाहिली; तुम्हीं आणलेच नाहींत!”

पुढचें थोडक्यांत सांगतों. गाडी एका सकाळीं, अकराव्या खेपेस, पेटली; काळा धूर, मग पांढरा, मग कांहीं नाहीं. पुस्तक आणि गाडी यांचा क्रमांक आतां एकच असल्यानें तपासणी सरळ पार पडली. पंधरा वर्षांवरील मोटारीचें नूतनीकरण पांच वर्षांपुरतें होतें, आणि त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशांवरून पांच हजारांवर गेली होती. शिवाय विलंबाचा आकार, कर आणि विमा. हें सारें मिळून अठ्ठावीस हजार झालें, म्हणजे डिझेल इंजिनानें जातां जातां कागदपत्रांचा खर्च भागविला. गाडीचे नव्वद, सुटे भाग व लेथ पंचावन्न, मिस्त्र्यांचे पंचवीस, पत्रा, टायर आणि ब्रेक सव्वीस, कुर्ल्याचे पांच. इंजिनाचे आलेले पैसे वजा करतां एकूण दोन लाख एक हजार. त्या वरच्या हजाराचा उल्लेख आमच्या घरीं अजून सणासुदीस होतो. रंग अर्थात् जुनाच आहे.

त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत भरली आणि वर्तमानपत्रांनीं हळहळीचे लेख छापले. आम्ही ते लेख आगाशींत, गाडीच्या टपावर पसरून वाचले. दिवाळीनंतरच्या रविवारीं गाडी पार्ल्यास न्यावयाची ठरली. विरारपर्यंत मी येतों, असें अण्णा म्हणाले आणि धुवट सदरा घालून मागच्या गादीवर बसले. वाडीच्या फाटकांतून गाडी बाहेर काढतांना मिस्त्री चाकाबरोबर चालत होते, कान बॉनेटकडे लावून.

वाटेंत पेट्रोल घेण्यास पंपावर थांबलों. तेथला म्हातारा नोकर गाडीकडे पाहत राहिला. मग मागें बसलेल्या अण्णांना ओळखून तोंडभर हंसला, कांहीं न विचारतां डिझेलची नळी उचलून आला आणि टाकीचें झांकण फिरवूं लागला. मागून अण्णा, पुढून मेहुणे आणि खिडकींतून अर्ध्या बाहेर आलेल्या सौभाग्यवती एकदमच ओरडलीं, “पेट्रोल!”